कुसळ

अकरा वर्षं मी समुद्राच्या कडा दुमडतेय.
निळं टेरी कापड, तीन लाटा, एक वाकडा नारळ.
दुसऱ्या डिझाइनला दाट हिरवं रान, पानाआडून पोपट.
चारी बाजू अर्धा इंच आत घ्यायच्या, टीप मारायची,
दोरा तोडायचा. पुढचा समुद्र.
दिवसाला दोनशे चाळीस होतात.
कुठल्या किनाऱ्यावर अंथरतात, ते खोक्यावर छापलेलं असतं,
पण खोकी माझ्याकडं पाठ करून उभी असतात.

सोमवारी डाइंगचा बॉयलर बसला. शेडला कुलूप.
यास्मीन म्हणाली, आमच्या गल्लीतला गुरुसिद्ध फिरवून आणतो,
सहाजणींचीच गाडी, माणशी साडेतीनशे,
चहा त्याचा, भाकरी आपली.
काय दाखवतो?
किनारा आणि जंगल.
आम्ही इतक्या हसलो, की रिक्षावाला थांबला.

गुरुसिद्धच्या गळ्यात एका डोळ्याची दुर्बीण,
दुसऱ्या भिंगाच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच.
गाडीत बसल्या बसल्या तीन अटी घातल्या:
मोबाइल मुका, अत्तर नाही,
आणि संध्याकाळपर्यंत सोलापूरला नावं ठेवायची नाहीत.
तिसरी अट तुळजापूर नाक्यावरच मोडली.

हिप्परग्याचं पाणी जानेवारीत मागं सरतं,
काठाला चिखलाच्या वळ्या सोडून.
त्यावर पांढरे पक्षी, भांडकुदळ, शेकड्यानं.
"कुरव," तो म्हणाला. "समुद्राची जात.
हिवाळ्याला इथं उतरतात.
मला नका विचारू, हा किनारा आहे का. त्यांना विचारा."
राजमणी आत्यानं बोट बुडवून चाटलं.
"सपक," असा निकाल दिला,
आणि तरी चपला हातात घेऊन
घोट्याएवढ्या पाण्यात किती वेळ उभी राहिली.
लाट आली नाही. तिनंच पाय हलवून एक केली.

नान्नजला पोचलो तर नुसतं गवत.
एवढं आभाळ की पदर कुठं लपवावा कळेना.
जंगल कुठाय ओ?
"झोपा," तो म्हणाला. "पालथ्या."
आम्ही सहा बायका, लेकुरवाळ्या, एक तर नातवंडांची,
एकमेकींकडं बघत, कुणी येत नाही ना पाहत, झोपलो.

आणि ते वर गेलं.
पवन्याची काडी ताडाएवढी, तिच्यावर दुसरी, वर तिसरी,
ऊन गाळून गाळून खाली येईतो हिरवं झालेलं.
कुठल्याशा पात्यावरून उशिरा राहिलेलं दव सुटलं,
खालच्या पानावर, मग त्याखालच्या,
एका मुंगीपुरता पाऊस.
तळाशी ओल होती. आमच्याकडं! ओल!
एक भुंगेरा एसटीसारखा घरघरत गेला
आणि कोळ्यानं दोन झाडांमध्ये
आमच्या कुठल्याच मागावर नाही असं सूत लावलेलं.
अर्धा तास कुणी बोललं नाही.
यास्मीन तर घोरत होती.

भाकरी मोडताना आत्यानं विचारलं,
तो मोठा पक्षी दाखव की, ज्याच्यासाठी हा माळ राखलाय.
गुरुसिद्धनं शेंगाचटणीचं बोट पुसलं.
"पक्षी दाखवतो असं मी कुणाला सांगत नाही.
त्याची जागा दाखवतो."
थोडं चालून थांबला. तिथं गवतच होतं, बाकीसारखं.
आम्ही ती जागा नीट बघितली.
एका डोळ्याची दुर्बीण फिरवून, पाळीपाळीनं.

येताना गाडीभर कुसळं.
परकराला, मोज्यांना, आत्याच्या अंबाड्यात.
वेचता वेचता शहर आलं.

मंगळवारी बॉयलर पेटला.
अकराच्या सुमाराला ओढणीतलं एक निसटलं,
निळ्या कापडात घुसलं,
आणि मशीन तर चालूच होती.
मी पाय उचलला असता, तर उसवता आलं असतं.
चेकिंगला चिल्वेरी मामांनी हात फिरवला, शिक्का मारला.

कुठं तरी कुणी तरी आता त्या समुद्रावर पाठ टेकेल.
टोचेल.
उठून झटकेल, उलटा करेल, उन्हात धरून बघेल.
नाही सापडायचं.
शिवणीच्या आत आहे ते.